वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर इतका थकवा का येतो? कोणता थकवा साधा आणि कोणता धोक्याचा?

ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं. वजनकाट्यावरचा आकडा दर आठवड्याला खाली येत असतो. शुगर सुधारते, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं, फक्त अंगात त्राण नसतं. आंघोळ करून बाहेर आलं तरी पलंगावर टेकावंसं वाटतं. एक जिना चढला की पाय गळून जातात.

बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर केली जाणारी शस्त्रक्रिया, झालेल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. त्यावर घरातून साधारण दोन प्रतिक्रिया येतात. एक, "खातच नाहीस तर काय होणार?" दुसरी, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच." दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत.

कारण थकवा बाहेरून सारखाच दिसला, तरी त्यामागचं कारण दर टप्प्यावर बदलतं. दहाव्या दिवशीचा थकवा वेगळा, दुसऱ्या महिन्यातला वेगळा आणि दोन वर्षांनंतरचा तर पूर्णच वेगळा. काही थकवा विश्रांतीने जातो, काही ताटातल्या बदलाने जातो आणि काही थकव्यासाठी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: ऑपरेशन होऊन किती दिवस झाले?

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं?

सगळ्यात जास्त केली जाणारी दोन ऑपरेशनं म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी आणि गॅस्ट्रिक बायपास.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद जठर. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक छोटीशी पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. मोठं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग पोटातच राहतो, पण अन्न आता त्या वाटेने जात नाही. लोह, कॅल्शियम अशी अनेक पोषकद्रव्यं नेमकी त्याच भागात शोषली जातात.

दोन्ही ऑपरेशनं बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-पाच छोट्या खुणा तेवढ्या दिसतात. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की फारसं काही झालेलंच नाही. आतली जखम मात्र मोठी असते.

पहिले दोन-तीन आठवडे: दुरुस्तीचं काम आणि पाण्याची कमतरता

या काळात शरीराला एकाच वेळी दोन कामं करायची असतात. जखम भरून काढायची आणि अगदी कमी अन्नावर दिवस चालवायचा. आधी दिवसाला दोन हजारांहून जास्त कॅलरी घेणारी व्यक्ती आता फक्त द्रव आहारावर असते. अनेकांच्या पोटात दिवसभरात ८०० कॅलरीही जात नाहीत. भुलीचा उतरता परिणाम, वेदनाशामक औषधं आणि हॉस्पिटलमधली तुटक झोप यांचीही भर पडते.

शरीर सुरुवातीला यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साखर संपते तसं हे पाणीही लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं, त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो.

म्हणून या टप्प्यातल्या थकव्याचं सगळ्यात नेहमीचं आणि सगळ्यात सहज सुधारता येण्यासारखं कारण म्हणजे पाणी कमी पडणं. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंड सुकणं, डोकं दुखणं, लघवी गडद पिवळी आणि कमी होणं, ही त्याची लक्षणं.

अडचण अशी, की घटाघट एक पेलाभर पाणी पिणं आता शक्यच नसतं. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घ्यावे लागतात. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जावं, असं साधारणपणे सांगितलं जातं. अर्ध्या लिटरची बाटली जवळ ठेवून दिवसात ती तीनदा संपवायची, हा हिशोब लक्षात ठेवायला सोपा. घन आहार सुरू झाला की जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी टाळायला सांगतात, त्यामुळे हे घोट दोन जेवणांच्या मधल्या वेळात बसवावे लागतात.

महिनाभरानंतर: हलकं खाण्याचा सापळा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊ अन्न सुरू होतं. जखमा भरत आलेल्या असतात, तरीही ताकद येत नाही. इथे बहुतेक वेळा प्रोटीन कमी पडत असतं. ते कमी पडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं. मग काट्यावर वजन घटलेलं दिसतं, पण त्यात चरबीबरोबर मांड्यांचे आणि दंडांचे स्नायूही गेलेले असतात. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो तो यामुळेच.

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. नेमका आकडा उंची आणि वजनानुसार आहारतज्ज्ञ ठरवून देतात.

आपल्याकडे आजारी माणसाला "हलकं" खायला देतात. तांदळाची पेज, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर, मऊ भात, रव्याचा शिरा. हे पचायला सोपं खरं, पण यात प्रोटीन फारच थोडं असतं. छोट्या वाटीएवढ्या पोटातली जागा पेजेने भरली, तर प्रोटीनला जागाच उरत नाही. नेहमीच्या पदार्थांतून साधारण किती प्रोटीन मिळतं, ते पाहू या.

• एक अंडं: ६ ग्रॅम
• २०० मिलिलिटर दूध: ६ ते ७ ग्रॅम
• एक वाटी घट्ट वरण: ६ ते ७ ग्रॅम
• १०० ग्रॅम पनीर: १८ ग्रॅम
• २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स: १२ ते १३ ग्रॅम
• १०० ग्रॅम शिजलेलं चिकन: २५ ग्रॅमच्या वर
• १०० ग्रॅम शिजलेला मासा: २० ग्रॅमच्या आसपास

एका वेळी पाव ते अर्धी वाटीच अन्न जात असेल, तर शाकाहारी व्यक्तीला ६० ग्रॅमचा आकडा गाठणं किती अवघड आहे, हे यावरून कळतं. म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर प्रोटीन पावडर लिहून देतात. तिला "बॉडीबिल्डरची पावडर" म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. या काळात ती औषधाइतकीच गरजेची असते. जेवताना क्रम असा ठेवायचा: आधी पनीर, अंडं, मासा किंवा घट्ट वरण, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर भात किंवा भाकरी.

गोड खाल्लं की आणखी गळून का जातं?

थकलेल्या माणसाला घरचे मायेने ग्लुकोजचं पाणी, सरबत, शिरा किंवा लाडू देतात. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, याचा उलटा परिणाम होऊ शकतो. साखर जठरात न रेंगाळता थेट आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं आणि १० ते ३० मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब आणि गळून जाणं सुरू होतं. याला डम्पिंग म्हणतात.

काहींना हा त्रास उशिरा, जेवणानंतर एक ते तीन तासांनी होतो. रक्तातली साखर आधी झपाट्याने वाढते, मग इन्शुलिनमुळे तितक्याच झपाट्याने खाली येते. हात थरथरतात, डोकं हलकं होतं, झोप आल्यासारखं वाटतं. दुपारचा थकवा रोज जेवणानंतर ठरावीक वेळानेच येत असेल, तर ताटात गोड, मैदा किंवा भात किती होता हे तपासावं आणि डॉक्टरांना सांगावं.

उलट्या थांबत नसतील, तर वाट पाहू नये

हा भाग ऑपरेशन झालेल्या व्यक्तीइतकाच घरच्यांनीही लक्षात ठेवायला हवा.

थायमिन, म्हणजेच व्हिटॅमिन बी १, अन्नाचं ऊर्जेत रूपांतर करायला लागतं. शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो. बाहेरून मिळालं नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तो संपत येतो. ऑपरेशननंतर काहींना वारंवार उलट्या होतात. घास नीट न चावणं, घाईने खाणं किंवा जोडलेला भाग अरुंद होणं, अशी कारणं त्यामागे असतात. अन्न टिकत नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्याही टिकत नाहीत आणि थायमिनचा साठा रिकामा होतो.

सुरुवातीला नुसता थकवा, मळमळ आणि चिडचिड दिसते. घरात म्हणतात, "ऑपरेशनचाच त्रास आहे." पण त्यानंतर चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, पायांत मुंग्या येणं, बोलण्यात गोंधळ होणं अशी लक्षणं दिसली, तर मेंदूवर परिणाम सुरू झालेला असू शकतो. याला वेर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. थायमिन शिरेतून वेळेवर मिळालं, तर सुधारणा होते. उशीर झाला, तर स्मरणशक्तीचं आणि चालण्याचं नुकसान कायमचं राहू शकतं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात जाऊन "ग्लुकोजची बाटली" लावून घेण्याची पद्धत गावोगावी आहे. थायमिनचा साठा संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं, तर ते वापरताना उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि त्रास एकदम बळावू शकतो. म्हणून सलाईन लावण्याआधी तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: "वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेलं आहे, इतके दिवस उलट्या होत आहेत, थायमिन आधी द्यायला हवं का, ते पाहा." डिस्चार्जच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला, तर हे सांगणं सोपं जातं.

उलट्यांमुळे दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता सर्जनशी संपर्क साधावा. आणि पाणीसुद्धा टिकत नसेल, तर त्याच दिवशी.

सहा महिन्यांनंतरचा थकवा: लोह आणि बी १२

आता जेवण बऱ्यापैकी जमू लागलेलं असतं, कपडे सैल झालेले असतात, ओळखीचे लोक कौतुक करत असतात. आणि नेमका याच काळात एक वेगळा थकवा हळूहळू चढत जातो. धाप लागते, चेहरा फिका पडतो, केस गळतात, काहींना बर्फ चघळावासा वाटतो. ही लोह कमी झाल्याची लक्षणं असू शकतात.

लोह शोषलं जाण्यासाठी जठरातलं आम्ल आणि आतड्याचा पहिला भाग, दोन्ही लागतात. स्लीव्हमध्ये आम्ल कमी होतं, बायपासमध्ये दोन्ही कमी होतात. त्यात भारतातली सुरुवातच कमतरतेपासून होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पाळी सुरू असलेल्या बाईसाठी तर ऑपरेशननंतर लोहाकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही.

गोळी घेऊनही उपयोग होत नसेल, तर ती कशी घेतली जाते ते पाहावं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं, तरी लोहाचं शोषण घटतं. म्हणून या दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. लिंबू किंवा आवळ्यातलं व्हिटॅमिन सी मात्र लोहाला मदत करतं. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर तिच्यापासूनही लोह आणि कॅल्शियम साधारण चार तास दूर ठेवावं लागतं. गोळ्यांनी भागत नसेल, तर डॉक्टर शिरेतून लोह देतात.

बी १२ ची गोष्ट आणखी फसवी आहे. त्याचा यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. त्यामुळे कमतरता दिसू लागते ती दोन-तीन वर्षांनी, म्हणजे बहुतेकांनी तपासण्या आणि गोळ्या सोडून दिल्यावर. ज्यांचा साठा आधीच कमी, त्यांना मात्र हा त्रास लवकर गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासांतून भारतीयांमध्ये, विशेषतः शाकाहारी लोकांमध्ये, बी १२ ची कमतरता किती सर्रास आहे हे पुढे आलेलं आहे. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेतल्यानेही बी १२ कमी होतं.

थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, जीभ लाल होऊन दुखणं ही त्याची लक्षणं. उशीर झाला, तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. इंजेक्शन किंवा जास्त ताकदीची गोळी, हा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. अट एकच, तो आयुष्यभर चालू ठेवायचा.

जुन्या गोळ्या आता जास्त होत असतील

ऑपरेशनपूर्वी ठरवलेला बीपीच्या गोळीचा डोस तेव्हाच्या वजनासाठी होता. वजन उतरलं की बीपीही उतरतं आणि तोच डोस जास्त होऊ लागतो. मग उठताना चक्कर येते, दिवसभर मरगळ वाटते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन यांच्यामुळे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत घरी बीपी आणि शुगर मोजून नोंद ठेवावी आणि डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं तितकंच धोक्याचं आहे.

झोपेचंही तसंच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यासाठी सीपॅप मशीन वापरणारे काही जण थोडं वजन घटताच ते बंद करतात. पुन्हा तपासणी होऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत ते वापरायला हवं. नाहीतर रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड राहतं.

आणि मनाचा थकवाही खरा असतो. खाणं हा अनेकांसाठी वर्षानुवर्षांचा विसावा असतो. तो एका दिवसात काढून घेतला जातो. लग्नकार्यात, सणासुदीला ताटावर बसून दोन घासांत उठावं लागतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर त्याला आळस न म्हणता मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.

थकवा असताना दिवस कसा काढायचा?

पूर्ण विश्रांती हा उपाय नाही. पडून राहिल्याने स्नायू आणखी घटतात आणि पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच हॉस्पिटलमध्ये बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात.

• घरी आल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा पाच ते दहा मिनिटं चालावं. बोलता बोलता चालता येईल, इतकाच वेग ठेवावा. दर आठवड्याला थोडी वाढ करावी.
• पाण्याने भरलेली बादली, गॅस सिलिंडर, कडेवरचं मूल, पिंपातून उपसलेलं पाणी, असं जड काही पहिले चार ते सहा आठवडे उचलू नये.
• आंघोळ, स्वयंपाक, बाहेरचं काम अशी दमवणारी कामं एकापाठोपाठ न करता मध्ये पंधरा मिनिटं बसावं.
• बैठं काम असलेले अनेकजण दोन ते चार आठवड्यांत कामावर परततात. पण लोकल किंवा एसटीत उभ्याने होणारा प्रवास कामापेक्षा जास्त दमवतो. शक्य असेल तर पहिले काही दिवस घरून किंवा अर्धा दिवस काम आणि गर्दीची वेळ टाळून प्रवास करावा.
• सर्जनची परवानगी मिळाली की, साधारण सहा आठवड्यांनी, ताकदीचे व्यायाम सुरू करावेत. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं किंवा भिंतीला टेकून दंड काढणं, एवढ्याने सुरुवात पुरते.

ही लक्षणं असतील, तर लगेच हॉस्पिटल

थकव्याबरोबर पुढीलपैकी काहीही असेल, तर "सकाळी पाहू" म्हणू नये.

• विश्रांती घेत असतानाही नाडी सतत खूप जलद, विशेषतः मिनिटाला १२० च्या वर
• ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात दुखणं
• अचानक धाप लागणं, छातीत दुखणं
• एका पायाच्या पोटरीला सूज आणि वेदना
• काळी शौच किंवा उलटीत रक्त
• तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं
• दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं

यांतली पहिली दोन लक्षणं आतल्या टाक्यांमधून गळती होत असल्याची खूण असू शकतात, तर धाप आणि पोटरीची सूज रक्ताच्या गुठळीची.

एक वही आणि काही तारखा

डॉक्टरांपुढे बसल्यावर "खूप थकवा येतो" एवढंच सांगितलं, तर त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. त्याऐवजी एक साधी वही ठेवावी. रोज एक ओळ: किती पाणी गेलं, अंदाजे किती प्रोटीन गेलं, कोणत्या गोळ्या चुकल्या, उलटी झाली का, किती चाललं आणि थकवा दिवसाच्या कोणत्या वेळी आला. आठवडाभराच्या नोंदीतच बहुतेक वेळा कारण दिसू लागतं.

आणि कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवाव्यात. ऑपरेशननंतर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात रक्ततपासणी, त्यानंतर दरवर्षी एकदा. हिमोग्लोबिन, फेरीटिन म्हणजे लोहाचा साठा, बी १२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि प्रोटीन या तपासण्या त्यात असतात. कोणत्या कराव्यात आणि कोणती गोळी किती घ्यावी, हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील. वजन हवं तेवढं उतरल्यावरही या तारखा चुकवायच्या नाहीत. लोह आणि बी १२ कमी होत चालल्याचं वजनकाट्यावर दिसत नाही, रक्ताच्या रिपोर्टमध्येच दिसतं.